निळा पडलेला वजीर

राजाला शह नव्हता आणि त्याला हलायला घरही नव्हतं. अशा डावाला बरोबरी म्हणतात, हे मला ज्यांनी शिकवलं तेच माझ्यासमोर बसले होते. तरीही भरल्या मांडवात मी म्हणालो, "मात आहे."

माझ्या हातून पुढंही पुष्कळ चुका झाल्या. काही विसरलो, काहींची सवय झाली. ही तेवढी तशीच राहिली. हिला चूक म्हणणंसुद्धा सोयीचं आहे. मला सगळं माहीत होतं.

ते माझे घरमालक. उमरग्याला सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून त्यांचा वजनकाटा होता आणि काट्याच्या मागं घर. बाजूच्या दोन खोल्या त्यांनी मला भाड्यानं दिल्या होत्या. मी नुकताच शाळेत लागलो होतो, लग्न व्हायचं होतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी काट्याच्या केबिनमध्ये चहाला बोलावलं आणि कपबशी हातात देता देता विचारलं, "मास्तर, बुद्धिबळ येतं का?"

"येतं थोडं."

"जिंकायला आवडतं?"

"कुणाला न्हाय आवडत?"

"मग आपलं जमायचं," ते म्हणाले. "तुम्ही जिंकायचं बघा. मी बरोबरीचं बघतो."

मला वाटलं, विनयानं बोलतायत. पण माणूस खरंच बरोबरीसाठी खेळायचा. डाव चांगला चाललेला असला की त्यांचं लक्ष नसे. पावती फाडायची, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलायचे, खिडकीतून बाहेर बघतच प्यादं सरकवायचं. एखादा हत्ती गेला, उंट गेला, राजा कोपऱ्यात सापडला, की मग चष्मा कपाळावर चढायचा, उजव्या पायातली चप्पल निघायची आणि ते खुर्चीत पुढं सरकायचे. "हां. आता सुरू झाला डाव."

हरलेल्या डावात वजीर देऊन वाट काढायची, हे त्यांचं वेड. दहातल्या नऊ वेळा वाट निघत नसे आणि ते सपशेल हरत. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. ते फार मोठे खेळाडू नव्हते, हे मला थोड्याच दिवसांत कळलं. मी त्यांना बऱ्याचदा हरवायचो. पण हरवून खोलीवर आलो की मला माझी चाल आठवत नसे, त्यांनी फेकलेला वजीर आठवायचा.

हैदराबादहून येणारा एक ड्रायव्हर त्यांना बुद्धिबळाची जुनी मासिकं आणून द्यायचा. त्यातले जिंकलेले डाव ते उलटून टाकत. बरोबरीत सुटलेला डाव दिसला की पटावर मांडत, एक एक चाल करत न्यायचे आणि ऐन वेळी मासिकावर तळहात ठेवायचे. "बोला मास्तर. याचा सगळा खेळ खलास झालाय. आता काय करील हा?"

मी राजा वाचवायच्या चाली सांगायचो. ते मान हलवत राहायचे. शेवटी वजीर उचलायचे आणि शत्रूच्या मोहऱ्यांच्या मधोमध नेऊन ठेवायचे. "घे म्हणतोय. घेतला तर याच्या राजाला हलायला जागा न्हाय, बरोबरी. न्हाय घेतला तर वजीर परत शह देतोय, परत देतोय, परत देतोय. कुठं पळणार?" एवढं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, जसं काही तो परदेशी खेळाडू शेजारच्या खोलीत बसलाय आणि त्याला ऐकू जाऊ नये.

काट्यावर भरलेला ट्रक चढला की केबिनची जमीन हादरायची आणि पटावरचे मोहरे थरथरायचे. तेव्हा ते बोलणं न तोडता आपला पंजा मोहऱ्यांवर धरायचे, न टेकवता, अलगद, पिल्लांवर धरावा तसा. ट्रक उतरला की हात काढायचे. आजही रस्त्यानं जड गाडी गेली आणि कपाटातली भांडी वाजली की मला तो पंजा आठवतो, आणि त्या केबिनमधला डिझेलचा, चहाचा आणि नव्या सोयाबीनचा एकत्र वास.

मी एकदा विचारलं होतं, "काका, बरोबरीत एवढं काय आहे?"

बाहेर एक आडत्या आणि एक शेतकरी वजनावरून भांडत होते. त्यांनी तिकडं बोट केलं. "जन्म गेला हे ऐकण्यात. एक म्हणतो कमी, एक म्हणतो जास्त. दोघं एका आकड्यावर गप बसले की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं."

पण फुकटची बरोबरी त्यांना चालत नसे. बँकेतले एक साहेब एकदा खेळायला आले. मोहरे नीट बाहेरही पडले नव्हते तोवर साहेबांनी घड्याळ बघितलं आणि हात पुढं केला, "चला काका, बरोबरी."

काकांनी तो हात बघितलाच नाही. "चहा प्या आणि जावा," म्हणाले. "भांडलाच न्हाईत, तर समेट कशाचा करताव?"

काकू आतून म्हणाल्या, "मला तर उलटा अनुभव हाय. ह्यांच्याशी भांडण रंगात आलं की हे मधीच हात पुढं करत्यात!"

"तू वजीर घेतलेला असतो माझा," काका म्हणाले. "हिच्याशी बरोबरी झाली तरी लई झालं, मास्तर."

मारलेला वजीर, मग तो त्यांचा असो की माझा, ते सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी ठेवायचे. एकदा पांढरा वजीर खिशातच राहिला आणि सदऱ्याबरोबर नीळ घातलेल्या बादलीत गेला. रात्रभर तिथंच. निघाला तो कमरेपासून वर फिकट निळा. काकूंनी कपाळावर हात मारला. काका मात्र खूश. "आता कसा ओळखू येतो," म्हणाले.

केबिनमागच्या खोलीत भिंतीत एक लांब फळी होती. तिच्यावर मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर रेघा मारून केलेले पट ओळीनं मांडलेले असत, आणि प्रत्येकावर एक अर्धा डाव. ट्रक भरून निघायची वेळ झाली की ड्रायव्हर डाव सोडून जायचे. काका तो प्लास्टिकच्या स्वस्त मोहऱ्यांसकट तसाच फळीवर ठेवायचे. तो ड्रायव्हर पुन्हा त्या रस्त्यानं आला की डाव पुढं चालू. काकू फळीवरची धूळ कोंबडीच्या पिसानं झाडायच्या.

एक आंध्रातला मिरचीवाला ड्रायव्हर असाच डाव सोडून गेला. जिंकत होता तो. काका त्या पुठ्ठ्यासमोर रोज उभे राहायचे. एका सकाळी दात घासता घासता फेसानं भरलेल्या तोंडानं मला हाका मारत आले, "मास्तर! सापडली!" वजीर द्यायचा, मग हत्तीनं शह देत सुटायचं, राजा इकडं पळाला तरी शह, तिकडं पळाला तरी शह, शेवट नाही. बरोबरी. आता मिरचीवाल्याची वाट बघणं आलं. हिरव्या तोंडाचा ट्रक दिसला की ते जेवणावरून उठायचे. उन्हाळा गेला, पाऊस गेला. शेवटी तो आला, तेव्हा त्याला डाव आठवतही नव्हता.

काकांनी त्याला धरून बसवलं, वजीर दिला आणि शह देत सुटले. ड्रायव्हर आधी गोंधळला, मग त्याला उमगलं आणि तो पोट धरून हसायला लागला. "अरे चाचा! इतने महिने ये एक वजीर लेके बैठे थे?"

"तो क्या! मिरची समझा क्या तू, सूख के मर जाएगा?"

दोघं रस्त्यापलीकडच्या हॉटेलात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गेले. त्या दोघांच्या पाठी मला अजून दिसतात. तसं हरलेल्याबरोबर कुणाला जाताना मी बघितलेलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमच्या भागात कट्ट्यावर जुन्या पद्धतीचं बुद्धिबळ खेळतात. त्यात राजाला शह नसला, पण हलायला घर उरलं नाही, तरी तो हरला असं धरतात. राजा कोंडला की मेला. पुस्तकी नियमानं ती बरोबरी. काकांनी मला पहिल्या आठवड्यातच हा फरक सांगून ठेवला होता. "बाहेर काय खेळायचं ते खेळा. माझ्या पटावर पुस्तक चालतं."

एका मंडळानं मंगल कार्यालयासमोर मांडव घालून स्पर्धा भरवली. शेवटचा डाव नेमका माझा आणि काकांचा आला. मंडळाकडं धड पट नव्हता, म्हणून काकांचाच लाकडी पट आणला, त्यांचेच मोहरे. पंच म्हणून एक कापडदुकानदार होते, कट्ट्यावरचे जुने खेळाडू.

आणि माझे वडील आले होते. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावाहून सकाळची एसटी धरून, मला न कळवता. शेतावरचे बैल, पाणी, माणसं यांच्याबाहेरचं काही त्यांना खरं वाटत नसे. मी कॉलेजात असताना बुद्धिबळाचं एक बक्षीस आणलं होतं, तेव्हा त्यांनी ते हातात फिरवून विचारलं होतं, "लाकडं सरकवल्याबद्दल देतेत व्हय हे?" ते त्या दिवशी माझ्या खुर्चीमागं उभे होते, खांद्यावर उपरणं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझं काहीतरी बघायला आले होते.

डाव माझ्या हातात होता. त्यांचा राजा कोपऱ्यात. माझ्या घोड्यानं आणि एका प्याद्यानं त्याची सगळी घरं धरलेली. त्यांचं एकच प्यादं उरलेलं, तेही माझ्या प्याद्याला अडकून बसलेलं. हलण्याजोगा एक वजीर तेवढा होता, तो निळा. चष्मा कपाळावर चढला. टेबलाखाली चप्पल निघाल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी वजीर उचलला आणि माझ्या राजाच्या थेट पुढ्यात आणून ठेवला. "शह."

मला फुकटचा वजीर दिसला, आणि मागं वडील आहेत एवढं जाणवलं. मी राजानं वजीर मारला आणि मुठीत धरला.

मग माझ्या लक्षात आलं. त्यांच्याकडं चालच उरली नव्हती.

त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मला नीट सांगता येणार नाही. पुठ्ठ्यांवर, मासिकांत, हरलेल्या शेकडो डावांत ते जे शोधत होते ते भर मांडवात, सगळ्यांसमोर सापडलं होतं. त्यांनी पटावरून हात माझ्याकडं केला. "बरोबरी, मास्तर."

मागून वडिलांचा आवाज आला, हळूच. "काय झालं? जिंकलास का न्हाय?"

कुणीतरी म्हणालं, "राजा कोंडला! मात झाली!" दुसरं कुणी म्हणालं, न्हाय, पुस्तकात बरोबरी असते. गलका झाला. पंच दोघांकडं बघू लागले. "हे बघा, नियम काय धरायचा ते आधी ठरवायचं राहिलं. ती आमची चूक. तुम्ही दोघं कुठल्या नियमानं खेळत होता तेवढं सांगा, मी तसा निकाल देतो."

काका अजून हसत होते. "मास्तरांना इचारा," ते म्हणाले. "त्यांना माहिताय. ते सांगतील ते मला मान्य."

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. मी फक्त मागं उभ्या असलेल्या एका माणसाचा श्वास ऐकत होतो.

"आपल्या पद्धतीनं मात आहे," मी म्हणालो. "मात आहे."

त्यांचा हात अजून पुढंच होता. तो त्यांनी सावकाश मागं घेतला. चष्मा डोळ्यांवर ओढला. "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "माझा वजीर." तो माझ्या मुठीतच राहिला होता. मी दिला. त्यांनी खिशात ठेवला, पायानं चाचपून चप्पल घातली, उठून माझ्या वडिलांकडं गेले आणि त्यांना हात जोडले. "पोरगं चांगलं खेळतं तुमचं. चला, चहा घेऊ." माझ्या वडिलांना ते चहाला घेऊन गेले. मला चला म्हणाले नाहीत.

स्पर्धेत मला मिळालेला बक्षिसाचा कप वडिलांनी गावी नेला. येडेश्वरीच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना दाखवायला तो वर्षानुवर्षं कोनाड्यातून निघायचा. वडील गेले तरी तो तिथंच आहे.

काकांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. भाडं द्यायला गेलो की चहा मिळायचा, पाऊसपाण्याचं बोलणं व्हायचं. केबिनच्या टेबलावर आता प्लास्टिकचे मोहरे दिसायचे. लाकडी पट मला परत कधी दिसला नाही. माझ्यापासून लांब ठेवलाय असं मी धरून चाललो. मागच्या खोलीत जाणं मी सोडलं. पुढच्या बदल्यांत धाराशिव मागून घेतलं आणि निघालो. निघताना त्यांच्या पाया पडलो, पण मान वर केली नाही.

मग संसार, नोकरी, वर्षं. धाराशिवहून उमरगा काही परदेश नाही. मनात आलं तर सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. मनात रोज यायचं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला शाळा सुटली की पाय अजूनही केबिनकडं वळल्यासारखे व्हायचे. या शहरात माझ्याशी खेळणारे मिळाले, चांगले खेळणारे मिळाले. मासिकावर तळहात ठेवून "बोला मास्तर" म्हणणारा मिळाला नाही.

गेल्या वर्षी मुलीनं माझ्या मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिलं. कुठल्या तरी देशातला एक अनोळखी माणूस माझ्याशी हरत होता. हरता हरता त्यानं वजीर माझ्या राजापुढं आणून टाकला. मी मारला. तत्क्षणी पडद्यावर आलं: डाव बरोबरीत. कुणी नियम विचारला नाही, कुणाची साक्ष काढली नाही. मी मोबाइल पालथा ठेवला. बायको म्हणाली, "काय झालं? हरलात काय?"

दुसऱ्या रविवारी मी उमरग्याला गेलो.

रस्ता रुंद झालाय. जड गाड्या बाहेरूनच जातात. काटा आता पुतण्या बघतो, केबिनमध्ये संगणक. दार काकूंनी उघडलं. डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या.

"मास्तर का? या की. रस्ता बरा सापडला!"

"यायला उशीर झाला काकू."

"उशीर? केस पिकवून आलाव."

काका मागच्या खोलीत पलंगावर बसले होते. लहान झाले होते. हात कापत होते, पण नजर तीच. मला बघून चष्मा कपाळावर गेला. "बसा," म्हणाले, जसं काही मी कालच चहा पिऊन गेलो होतो.

फळी जवळपास रिकामी होती. ड्रायव्हर थांबत नाहीत आता. शेवटच्या टोकाला एकच पट होता. लाकडी. त्यावर डाव मांडलेला, आणि काळ्या राजाच्या पुढ्यात एक निळसर वजीर.

मी फळीजवळ गेलो. काकू म्हणाल्या, "तुम्ही खेळून आलाव ना, त्या दिवशीच मांडून ठेवला त्यांनी. तवापासून पट अडकून पडलाय. हलवू देत न्हाईत."

"अर्धा डाव हाय," काका म्हणाले. "माझा सगळ्यात चांगला डाव. काढ गं खाली."

मीच काढला. दोन हातांनी उचलून आमच्या मध्ये ठेवला.

"तुमची चाल," काका म्हणाले.

माझा हात आपोआप राजाकडं गेला.

"थांबा. घोडा बघा."

मी बघितलं. त्या घोड्यानंही वजीर मारता येत होता. घोडा हलला असता तर कोंडलेल्या राजाला वाट मोकळी झाली असती, बरोबरी झालीच नसती, आणि पुढं मी सरळ जिंकलो असतो. इतकी साधी चाल. मांडवात ती मला दिसली नव्हती, आणि नंतर हा डाव पुन्हा मांडायची माझी कधी छाती झाली नव्हती.

"तुम्ही राजाला हात घातला तवाच मला दिसला होता घोडा," काका म्हणाले. "म्हणजे डाव तुमचाच होता, मास्तर. जिंकला होतावच. सोडा आता. साकू."

साकू म्हणजे पुरे. त्यांच्या घरात अशी कानडी पेरलेली असायची. डाव संपला की ते हाच शब्द म्हणत.

मला कळलं, ते काय करतायत. या वयात, कापत्या हातानं, ते पुन्हा एकदा आपला वजीर माझ्यापुढं ठेवत होते. घेतला की मी सुटलो असतो.

बाहेर सोयाबीनचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. जमीन थरथरली. त्यांचा पंजा मोहऱ्यांवर आला, पण आता तो मोहऱ्यांपेक्षा जास्त थरथरत होता. मी माझा हात त्याच्या खाली धरला. ट्रॅक्टर उतरेपर्यंत दोघंही तसेच बसलो.

"काका," मी म्हणालो, "घोडा मला दिसला नव्हता. मी राजानं घेतला. तुमची बरोबरी झाली होती, आणि ते मला माहीत होतं. तुम्ही माझ्या शब्दावर सोडलंत आणि मी खोटं बोललो. मला माफ करा."